गोधडीचा आतला थर

सिडकोत गार वारं सुटलं, म्हणून खिडकीतल्या कूलरभोवतीच्या फटींत मी जुनी चादर कोंबली, बाळाला झोपवलं आणि बाहेर आले. सासूबाई फरशीवर बसून बाळाची गोधडी शिवत होत्या. पुढ्यात माझ्या कॉलेजात नेसायच्या सुती साड्या होत्या. सगळ्या मधोमध कापलेल्या.

"आई, या जुन्या नव्हत्या. जानेवारीत रजा संपली की याच नेसून मला शिकवायला जायचंय."

त्यांची सुई थांबली. "अगं, मी कशाला तुझ्या कपाटाला हात लावू? मंदारनंच आणून दिल्या. म्हणला, तू नोकरी सोडायचं ठरवलंयस."

माझा नवरा मंदार पलीकडं खुर्चीत बसला होता; त्यानं मोबाईलमधून मान वर काढली नाही. "बोलणारच होतो तुझ्याशी. एवढंसं बाळ थंडीत पाळणाघरात टाकणार का?"

मी तोंड उघडलं असतं तर ओरडलेच असते, आणि बाळ नुकतंच झोपलं होतं. मी आत गेले, मंदारचे ऑफिसचे इस्त्रीचे शर्ट हँगरसकट उचलून आणले आणि सासूबाईंपुढं टाकले.

"हे आतल्या थराला घाला. नुसत्या माझ्या साड्यांनी थंडी भागायची नाही."

मंदार ताडकन उठला. "आई, हात लावू नको त्यांना."

सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. वरचा पांढरा शर्ट मांडीवर ओढला आणि मला म्हणाल्या, "कात्री दे इकडं. आधी बटणं काढू, लेकराला टोचतील."