रिकामा तट

तिसऱ्या धडकेला दरवाजा फुटला, आणि वरून एकही बाण आला नाही.

तक गीहोने कळफलकावरचे हात उचलून मांडीवर ठेवले. कोरियातल्या बूछॉन शहरातल्या त्या पीसी-बांगमध्ये, म्हणजे तासावर संगणक भाड्याने देणाऱ्या खेळघरात, रविवारचे चार नुकतेच वाजून गेले होते. ओळीने मांडलेल्या संगणकांपुढे माणसे आपापल्या जगात बुडून बसली होती. गीहोच्या पडद्यावर धूर निवळत होता. त्यापलीकडे तट दिसला, बुरूज दिसले. सारे निर्मनुष्य.

हा किल्ला त्याचाच होता. या खेळात नऊ वर्षे तो त्याचा किल्लेदार होता. शंभरावी, म्हणजे शेवटची पातळी त्याने आणि त्याच्या जथ्यातल्या चाळीस सोबत्यांनी केव्हाच गाठली होती. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या गीहोला हे इतरांच्या आधी कळायला हवे होते: सर्वांत वरच्या मजल्यावर दार उघडते, आणि मग बाहेर पडण्यावाचून करण्यासारखे काही उरत नाही.

दर रविवारी चार ते पाच हा हल्ल्याचा तास. पण एवढ्या बलाढ्य लोकांच्या वाटेला जाणार कोण? तीन वर्षांत तिकडे कोणी फिरकलेच नव्हते. एकेचाळीस जण तटावर उभे राहत आणि पाच वाजता पांगत. पूर्वी त्या तासात सासवांच्या कागाळ्या चालत, कोणाच्या तरी टकलावरून तासभर खिदळणे चाले. अलीकडे शब्द आटले होते. आठवडाभरात गीहोशी मनापासून बोलणारी माणसे हीच. आणि ती त्याच्या डोळ्यांदेखत, उभ्या उभ्या, फिकट होत चालली होती.

म्हणून दीड महिन्यापूर्वी त्याने ‘ओला मोजा’ या नावाने एक दुबळे पात्र उभे केले आणि तो नवशिक्यांच्या फौजेत शिरला. आपलाच किल्ला कसा फोडायचा, ते त्यांना शिकवू लागला. शत्रू आला तर माणसे जागी होतील, एवढीच त्याची आशा. नाही झाली, तर आज पाच वाजता जथा मोडून टाकायचा, हेही ठरलेले. सकाळी त्याने सुनएला, किल्ल्याच्या दुय्यम अधिकारी बाईला, कळवले होते, “आज मला काम निघालंय. तट तू बघ.”

“जा हो दादा निवांत,” तिने लिहिले होते. “मी काय मेलेय?”

आणि आता तट रिकामा. सुनएसुद्धा नाही.

म्हणजे मंडळी गेली होती. भांडून नव्हे, सांगूनही नव्हे. नुसती यायची थांबली होती. शेजारच्या वाडग्यात राम्यॉनच्या शेवया फुगून त्यांचा लगदा झाला होता. गीहोला थकवा आला, झोपेने न जाणारा थकवा. जथा मोडायला एकच कळ दाबावी लागते. ती दाबताना आता कोणाला वाईट वाटेल, अशी भीतीही उरली नव्हती.

फौज चौकात शिरली. जल्लोष झाला नाही. जो तो रिकाम्या बुरुजांकडे पाहत, चुकीच्या घरात आल्यासारखा उभा राहिला. तेवढ्यात ‘करपलेला भात’ नावाचे एक पात्र घोळक्यातून निघाले, सरळ मुदपाकखान्यात गेले, भिंतीशी मांडलेल्या रांजणांपैकी तिसरा त्याने बाजूला सारला.

गीहो ताठ बसला. फौजेला त्याने सगळे शिकवले होते. हे तेवढे शिकवले नव्हते. एवढे एक गुपित त्याने आपल्या माणसांसाठी राखून ठेवले होते.

“ए भाता,” त्याने लिहिले, “तिथे चोरजिना आहे हे तुला कोणी सांगितलं?”

पात्र जागीच थबकले. मग उत्तर उमटले.

“मी तर नुसता रांजण सरकवलाय, मोज्या. मागे जिना आहे हे तुला कोणी सांगितलं?”

गीहोने दोनदा लिहून खोडले. मग, हा टोला ओळखीचा वाटून, एकच शब्द पाठवला.

“सुनए?”

“अगंबाई! दादा? तुम्हाला काम होतं ना?”

“तट तुझ्यावर सोपवला होता.”

“मी तोक्सूवर सोपवला. पाहुणे आलेत म्हटलं.”

“तोक्सू इथे आहे, ताई,” चौकातून ‘कुजका कोबी’ बोलला. “मी हेजिनवर सोपवला होता.”

“मला वाटलं, दादा आहेतच की,” दरवाजाजवळून कोणी तरी पुटपुटले.

मग एकेक नाव उलगडत गेले. कोणी दोन महिन्यांपासून फौजेत होता, कोणी परवाच आला होता.

“मला वाटायचं, मी एकटीच गद्दार,” सुनएने लिहिले. “कंटाळले होते हो, दादा. पण तुम्हाला सोडून जायचं नव्हतं.”

गीहो ती ओळ वाचत राहिला. स्वतःला धरून त्याने मोजणी केली: एकेचाळीस. एकही कमी नव्हता. किल्ला राखणारे सगळेच्या सगळे किल्ला फोडायला आले होते.

“आपल्यात,” त्याने सावकाश लिहिले, “खरोखर बाहेरचं कोणी आहे का?”

फुटलेल्या दरवाजाच्या फळ्यांमध्ये लाकडी तलवार घेऊन एक चौथ्या पातळीचे पात्र उभे होते. नाव ‘चष्मा कुठाय’.

“मी आहे,” ते म्हणाले. “नवीनच आहे हो मी, तुमचं बोलणं काही कळलं नाही. पण जिंकलो ना आपण?”

एकेचाळीस जण वळले, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच आलेल्या त्या शत्रूकडे डोळे भरून पाहत राहिले.