पदराखालचा माइक

तिसऱ्यांदा धूर निघाला तेव्हा भावनाने सोल्डरिंग गन बाजूला आपटली आणि मोबाइलमधल्या त्या हसऱ्या माणसाला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या. 'बच्चा भी बना सकता है,' म्हणत होता मेला.

बनवायची होती साबणाच्या डबीएवढी वस्तू, आवाज मोठा करणारी. आठ पायांची एक आयसी, चार-दोन कपॅसिटर, नऊ व्होल्टची बॅटरी, छोटा स्पीकर आणि शर्टाच्या बटणाएवढा माइक. पण भावना पडली बीए मराठी. कपॅसिटरची उलटी बाजू आणि सुलटी बाजू तिला सारखीच दिसायची.

"सोड ना यार," तिचा नवरा मयूर म्हणाला. "डीजेवाल्याकडे माइक असतोच."

"आई हातात माइक धरत नाहीत. माहितेय ना तुला?"

मयूरला माहीत होतं. त्याची आई सगुणाबाई मानपाड्याजवळच्या त्यांच्या गावची धवलारीण. हळद असो की लग्न, मांडवात तिने धवले, ही लग्नविधीची तोंडपाठ गाणी, गायल्याशिवाय पुढचं पान हलत नसे. भावना सात वर्षांपूर्वी कळव्याहून सून म्हणून आली, तेव्हा सासूचा आवाज तीन आळ्या ओलांडून जायचा. गेल्या दोन वर्षांत मात्र तो इतका खाली गेला की शेजारी बसलेल्या बाईलाही शब्द कळेना. डॉक्टरने घसा तपासला, त्यात काही सापडलं नाही. वयाचं काहीतरी असेल, म्हणाला.

आता मयूरच्या चुलत बहिणीचं, समृद्धीचं लग्न ठरलं होतं. तिची आई गोदाकाकी घरी येऊन तोंडावर बोलली, "या टायमाला दुसरी धवलारीन बोलवू. सगुनाबायचा कायपन ऐकाला येत नाय. लोका हसतान."

सगुणाबाई उठल्या आणि भांडी घासायला बसल्या.

भावनाच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. "काकी, आईच गातील. आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल. नाही गेलं तर पुढच्या लग्नापासून बोलवा दुसरीला," असं ती चारचौघींदेखत बोलून बसली. जीभ उचलून टाळ्याला लावायला काय जातं? आता सासूचा उभ्या जन्माचा मान त्या एका शब्दावर टांगलेला होता.

आधी तिने बाजारातून तयार कॉलर माइक आणला. तो दोन दिवसांत मुका झाला. मयूर वैतागला, आणखी एक आणायला तयार होईना. म्हणून ही सगळी उठाठेव.

चौथी आयसी टिकली. धूर थांबला आणि घूंऽऽ सुरू झालं. ते थांबलं तर शिट्टी वाजायला लागली, अशी की शेजारच्या बाईने खिडकीतून विचारलं, कुकर विसरलीस का गं? आठ दिवस असेच गेले. मग एका संध्याकाळी डबीतून "हॅलो, हॅलो" खणखणीत ऐकू आलं. भावना स्वयंपाकघरात एकटीच नाचली.

"आई, या ना इकडे! एक धवला म्हणा, टेस्ट करते."

"धवला असा उगाच बोलत नाय गो," सगुणाबाई दारातूनच म्हणाल्या. "मांडव पायजे, हलद पायजे. नायतर अपशकुन."

तेही खरंच होतं. भावनाने कान पकडले.

सकाळी बघते तर डबी ठार मुकी. माइकची वायर सुटलेली. तिने पुन्हा डाग दिला. दुसऱ्या दिवशी तीच वायर, तिसऱ्या दिवशीही तीच. बाकीचे सगळे डाग शाबूत आणि नेमका हाच तेवढा नाठाळ! आपल्या हातालाच वळण नाही, असं म्हणत ती एकदा चक्क रडली.

सगुणाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "नको गो बाय, जिवाला तरास करू. माजा आवाज गेला त गेला. मना काय त्याचा वायट नाय वाटत."

"मला वाटतं ना!" भावना ओरडलीच.

त्या रविवारी माहेरी जाताना तिने सगळं सामान बरोबर नेलं आणि कळव्याला बसून हुबेहूब दुसरी डबी बनवली. या वेळी माइकच्या वायरीवर गरम गोंद ओतला. घरी कोणाला बोलली नाही. पुन्हा फजिती झाली असती तर मयूरने वर्षभर चिडवलं असतं.

हळदीच्या सकाळी कपाटातली डबी काढली, तर वायर पुन्हा सुटलेली. भावनाने कपाळावर हात मारला आणि पर्समधली नवी डबी काढली.

मांडवात गेल्यावर तिने डबीची पिन डीजेवाल्याच्या मोठ्या स्पीकरला जोडून घेतली. सासू नको म्हणणार, हट्ट धरणार, अशी तिला धास्ती होती. पण सगुणाबाईंनी डबीकडे एकदा बघितलं आणि पदराखाली माइक मुकाट्याने टाचून घेतला.

"तुजी हौस होऊ दे," त्या हसून म्हणाल्या.

डीजे थांबला. सवाष्णी हळदीची वाटी घेऊन समृद्धीपुढे सरकल्या. गोदाकाकी हाताची घडी घालून उभी होती.  भावनाने आई एकविरेचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

सगुणाबाईंनी डोळे मिटले. नेहमीसारखे ओठ हलले, आणि धवल्याच्या त्याच जुन्या चालीवर, सातशे माणसांच्या मांडवात शब्द न् शब्द लख्ख ऐकू आला:

"समदा इसारला गो आये, समदा इसारला... झाक माजी लाज."