धडधडीत चुकीचं गणित

इस्लामपुरात मी चौतीस वर्षं गणित शिकवलं. माझा आवाज असा, की शाळेबाहेरची कुत्रीसुद्धा सतराचा पाढा म्हणायची. आणि इथे मेलबर्नला आमची सून मयूरा! आयटीतली नोकरी सोडली, सहा आठवड्यांचा कोर्स केला आणि थेट आठवीच्या वर्गावर गणित शिकवायला उभी राहिली. उरलेलं शिक्षण म्हणे शिकवता शिकवता. पोहता न येणारा पोहण्याचा मास्तर! आमच्या ग्लेन वेव्हर्ली उपनगरातल्या बागेत मी सगळ्या म्हाताऱ्यांना हेच ऐकवायचो. पोटात दुखायचं, दुसरं काय.

एकदा ती रडवेली होऊन घरी आली. "बाबा, पोरं ऐकतच नाहीत हो. उद्या परीक्षक वर्ग बघायला येणार. नापास झाले तर कोर्समधून बाहेर! काहीतरी सांगा ना."

आयतीच संधी मिळाली. "सोपं आहे, सूनबाई. फळ्यावर धडधडीत चुकीचं गणित मांडायचं आणि गप्प उभं राहायचं." म्हटलं, होऊ दे फजिती.

दुसऱ्या दिवशी ती धावतच घरात शिरली. "बाबा, पास! 'मिस, दॅट्स राँग' म्हणत अख्खा वर्ग फळ्याशी आला. पोरांनीच गणित सोडवलं! किती वर्षं वापरलीत ही युक्ती?"

"चौतीस," मी म्हणालो.

फळ्यावर चुका माझ्याही व्हायच्या. पण चौतीस वर्षांत एकाही पोराची तोंड उघडायची हिंमत झाली नाही.