शंभरातले सहा

"बाटली तुम्ही घेऊन जा," प्रयोगशाळेच्या बाई म्हणाल्या, "नाहीतर मला मोजू द्या. दोन्ही नाही व्हायचं."

टेलर उभेच राहिले. वारलेल्या मुलीचं, बबडीचं सामान न्यायला ते दुकानातून तसेच उठून आले होते. गळ्यातली टेपसुद्धा काढायची राहून गेली होती. सामान तरी काय, एक पांढरा कोट, चपलांचा जोड, कान तुटलेला कप. आणि ही चंदेरी कागदात गुंडाळलेली बोटभर बाटली. तळाशी तिने बनवलेल्या रंगाचे चार थेंब. बबडी गेल्यावर तो रंग पुन्हा बनवायचा प्रयोगशाळेत सगळ्यांनी आटापिटा केला, पण तिच्या हाताला यायचा तसा कुणाच्याच हाताला आला नाही.

"नेली तर?"

"अंधारात ठेवलीत तर राहील. बघायला काढाल तेवढा विरेल. निळा उजेड पडला की हा पेटून उठतो, आणि पेटता पेटता संपत जातो."

"कच्चा रंग," टेलर म्हणाले. "आमच्याकडे असलं कापड परत करतात."

बाईंना हसू फुटलं. कार्टी अगदी अश्शीच बोलायची.

"आणि मोजलीत तर?"

"तर आकडा मिळेल. आकड्याशिवाय या रंगाला कुणी विचारणार नाही. तो मिळाला की रंग कायमचा तिच्या नावावर."

"मोजता कसा पण?"

"शंभर वाटे उजेड द्यायचा. हा त्यातले किती वाटे परत देतो ते बघायचं. सोबत एक जुना, नावाजलेला रंग घ्यायचा, ज्याचा आकडा ठरलेला आहे. त्याच्याशी ताडून पाहायचं."

"म्हणजे तुलनाच की हो!" टेलर कळवळले. "तुलना तिला मुळीच खपायची नाही. शेजारच्या पोरीचे मार्क काढले, की भरल्या ताटावरून उठायची."

"इथेही तेच. जुन्या रंगाचं नाव काढलं की गाल फुगलेच."

बाई आकड्यांच्या बाबतीत महाकडक. यंत्र सांगेल त्याच्या पुढे नाही की मागे नाही. 'जवळपास' हा शब्द त्यांच्या प्रयोगशाळेत उच्चारायची सोय नव्हती. बबडी पाठीमागे त्यांना तराजूबाई म्हणायची. बाईंना ते चांगलं ठाऊक होतं. आता तसं म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

टेलरांनी बाटली हातात फिरवली. बराच वेळ फिरवली. मग ती बाईंपुढे धरली.

"घ्या मोजून. माप न घेताच पाठवायची का पोरीला?"

बाईंनी आधी जुना रंग मोजला. मग चार थेंब पातळ करून काचेच्या चौकोनी नळीत ओतले, नळी यंत्रात ठेवली आणि झाकण लावलं.

"उघडं नाही का ठेवता येणार? एकदा पेटलेला बघितला असता."

"बाहेरचा उजेड आत शिरला की आकडा बिघडतो." सांगताना बाईंना स्वतःचाच राग आला.

 टेलरांनी झाकणावर हात ठेवला, ताप बघायला कपाळावर ठेवतात तसा. यंत्र घरघरत राहिलं. बाईंनी आकडेमोड केली, खोडली, पुन्हा केली.

"चौऱ्याण्णव," त्या म्हणाल्या. "शंभरातले चौऱ्याण्णव. जुन्या रंगाच्याही वर."

"म्हणजे पहिली आली!" टेलर म्हणाले. "बबडे, अगं, पहिली आलीस!" आणि स्टुलावर बसून ते ढसाढसा रडले.

बाईंनी नळी बाहेर काढली. आतला रंग उडून गेला होता, नुसतं पाण्यासारखं काहीतरी उरलं होतं. टेलरांनी डोळे पुसले आणि नळी मागून घेतली.

"आणि उरलेले सहा हो? ते कुठे जातात?"

"त्यांचा उजेड होत नाही. त्यांची ऊब होते."

"कुठे?"

"इथेच. आतल्या आत."

त्यांनी नळी मुठीत घट्ट धरली. मग मूठ उघडून ती हळूच बाईंच्या तळहातावर ठेवली.

"आहे ना हो थोडी अजून?"

काच गार होती. आणि एवढ्याशा उबेने ती कधी गरम झालीही नसती, हे बाईंना पक्कं माहीत होतं.

"आहे," तराजूबाई म्हणाल्या.