पडद्यावरचा ठिपका

ज्यानं शत्रूची विमानं हेरून देश वाचवला, त्याला लोणंदच्या सिनेमाच्या तंबूतला एक ठिपका म्हणजे किस झाड की पत्ती, असं निवृत्त हवालदार हंबीरराव यांनी चावडीसमोर जाहीर केलं होतं. त्याला चार दिवस झाले. ठिपका या क्षणी नायिकेच्या नाकावर बसला होता.

पब्लिकनं शिट्ट्या मारल्या. पहिला खेळ सुरू झाला की कुणीतरी ब्याटरीचा झोत पडद्यावर टाकायचं आणि तो फिरवत राहायचं. टुरिंग टॉकीजचे मालक बाळासो यांनी गडीमाणसांच्या बाजूला सगळ्यांचे खिसे तपासले होते. एका पैलवानाचा पटकासुद्धा सोडवला होता. कनातीपलीकडे बायका बसत. तिकडे बघायचं बाळासोंना सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी तेवढी छाती नव्हती.

"हवालदार, आज घावला न्हाई तर उद्या तंबू फलटणला," ते हंबीररावांच्या कानाशी येऊन म्हणाले. "लोकं पिक्चर बघायचं सोडून ठिपका बघाय लागल्यात."

हंबीरराव पहिल्या रांगेत, लोखंडी खुर्चीवर ताठ बसले होते. एकाहत्तरच्या लढाईत ते पंजाबच्या सीमेवर असेच बसत. अंधारी गाडी, समोर रडारचा हिरवा पडदा, त्यावर गोल फिरणारी रेघ. रेघेत ठिपका उजळला की त्याची जागा मोठ्यानं सांगायची, आणि सगळी छावणी ती ऐकायची. पेन्शनीवर आल्यापासून त्यांना मोठ्यानं सांगण्यासारखं कुणी काही विचारलं नव्हतं.

पायाशी जोतीराम बसला होता. तोही मिलिटरीतलाच, पण खेचरांच्या पलटणीतला. त्याच्या मांडीवर ट्रंकेचं झाकण, झाकणावर खडूनं आखलेली घरं आणि एका घरात सुपारी.

"डावीकडनं चार, खालनं दोन," हंबीरराव गरजले.

जोतीरामनं सुपारी सरकवली.

"पाच, दोन. चाल मंद. आता उजव्या कोपऱ्याकडं वळंल."

ठिपका उजव्या कोपऱ्याकडे वळला. तंबूत टाळ्या पडल्या. पडद्यावर नायिकेचा बाप मरत होता.

"आवं, ठिपका कुटं हाय ते आमाला बी दिसतंय," बाळासो कळवळून म्हणाले. "ब्याटरी कुनाच्या हातात हाय ते सांगा की!"

"रडारवाल्यानं जागा सांगायची. पाडायचं काम तोफखान्याचं."

"मग तोफखाना कवा यायचा म्हनं?" जोतीरामनं वर न बघता विचारलं.

हंबीररावांची नजर ठिपक्यावरच होती. त्यांना घाई नव्हती. गुन्हेगार सापडला तर ठिपका संपणार होता, आणि नाही सापडला तर तंबूसकट संपणार होता. दोन्हीच्या मधे जेवढा वेळ होता तेवढा ते बारकाईनं वापरत होते.

तेवढ्यात बापाच्या मयताला नायक आला. पांढराशुभ्र सदरा घालून. ठिपका त्याच्या छातीवर जाऊन थांबला आणि पहिल्यांदाच त्याची कड स्वच्छ दिसली. गोल पुरा नव्हता. खालच्या अंगाला नखाएवढा टवका काळा होता.

हा टवका हंबीररावांच्या ओळखीचा होता. सीमेवर खंदकात त्यांच्याच हातून ब्याटरी पडली आणि काचेचा टवका उडाला. ती ब्याटरी घरात दाराशेजारच्या खुंटीला असते. तिला हात लावणारं घरात दुसरं एकच माणूस आहे, आणि ते कनातीपलीकडे बसलं होतं.

"काय झालं?" बाळासो म्हणाले. "बोला की."

"टार्गेट गेलं," हंबीरराव म्हणाले.

नायकाच्या छातीवर ठिपका सगळ्या तंबूला दिसत होता.

"गेलं म्हंजे?"

"पल्ल्याच्या भायेर गेलं. आमच्यात असं हुतं कवा कवा."

ठिपका थोडा वेळ तसाच राहिला, मग तांबूस झाला, मग विझला. बाळासोंनी कपाळाला हात लावला. जोतीरामनं झाकण खाली ठेवलं, आणि अंधारात त्याच्या दाढेखाली काहीतरी कडकन वाजलं.

खेळ सुटल्यावर हंबीरराव पुढे आणि त्यांची बायको लीलाबाई चार पावलं मागे, असे दोघं घरी निघाले. वाटेत ओढा लागला.

"ब्याटरी लाव," हंबीरराव म्हणाले. "दगड दिसंनात."

मागे पदराखाली खुडबुड झाली. उजेड पडला नाही.

"सेल उतरल्यात," लीलाबाई म्हणाल्या.

"उतरनारच की."

दोघांनी चाचपडत ओढा ओलांडला.

"पेन्शनीत आल्यापास्नं निस्तं भित्ताडाकडं बघत बसता," लीलाबाई मागून म्हणाल्या. "म्हटलं, बघाय कायतरी असावं."

"त्यात लय हलवत हुतीस. विमान असं हलतं व्हय?"

"मला काय म्हाईत? मी कुटं बघितलंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हंबीरराव बाजारात गेले आणि दोन सेल घेऊन मुद्दाम मैदानावरून परतले. बाळासो शब्दाचे पक्के होते. तंबू फलटणला गेला होता. मैदानावर खुंट्यांची भोकं, शेंगांची टरफलं आणि एक फाटकी चप्पल राहिली होती.

दिवेलागणीला सोप्यातल्या चुन्याच्या भिंतीवर ठिपका उजळला. खालचा टवका जागेवर होता. हंबीरराव खुर्चीत ताठ झाले.

"डावीकडनं चार, खालनं दोन!"

उंबऱ्यावर जोतीराम ट्रंकेचं झाकण मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं दोन्ही खिसे चाचपले.

सुपारी त्यानं कालच खाल्ली होती.