आबांचा शब्द

फणसवाडीतल्या आबा पाठाऱ्यांच्या मानेला गाठी आल्या, तेव्हा परळच्या डॉक्टरांनी रक्त तपासून नवराबायकोला समोर बसवलं. “रक्ताचा कॅन्सर आहे, पण म्हातारपणीचा, मुंगीच्या पावलांनी चालणारा. आत्ता औषध नको, अधूनमधून रक्त बघत राहू. फक्त आबांनी हिंमत सोडता कामा नये.”

हिंमत सोडतील ते आबा कसले! चाळीच्या गॅलरीत उभं राहून त्यांनी गर्जना केली, “मुंबई महाराष्ट्राला मिळाल्याशिवाय हा पाठारे डोळे मिटणार नाही!” आणि खरोखरच पुढची चार वर्षं ते सभा-मोर्चे गाजवत हिंडले.

एकोणीसशे साठच्या एक मेला मुंबईसह महाराष्ट्र झाला. वाडीभर पेढे वाटले गेले, आबांच्या बायकोला, मनोरमाबाईंना, मात्र त्यांचा तो शब्द आठवला. व्हायचं तेच झालं. आबांनी आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलं आणि खाटेवर आडवं होऊन छातीवर हात जोडले.

“अगं, माझं काम झालं. गंगेचा गडू आण.”

“अहो, परवाच तर डॉक्टर म्हणाले, रक्त आहे तसंच आहे, इतक्यात काही होत नाही!”

“डॉक्टरांचं मला सांगू नकोस. शब्द म्हणजे शब्द.” आबांनी डोळे मिटून घेतले.

मनोरमाबाई गडू हातात घेऊन क्षणभर घुटमळल्या. मग तो पुन्हा देवघरात ठेवून कडाडल्या,



“उठा! बेळगाव राहिलंय अजून!”