बिनव्रणाचं ऑपरेशन

नर्सने शलाकाची जाड वेणी कापून कागदावर ठेवली. उद्या तिचं डोकं उघडून, फिट जिथून येते तो मेंदूचा भाग काढणार होते.

हे खरं तर गेल्या वर्षीच व्हायचं. गोळ्या लागू पडेनात तेव्हा डॉक्टरांनी तिच्या आईला, कुंदाताईंना, एकटीला बसवून दोन पर्याय समजावले होते. डोकं उघडलं तर खर्च कमी आणि फिट थांबण्याची शक्यता जास्त. लेसर दुप्पट महाग, खात्रीही कमी. पण केस शाबूत राहतात, व्रण दिसत नाही. कुंदाताईंनी तिथल्या तिथे लेसर सांगितलं. घरात स्थळं बघायला सुरुवात झाली होती.

लेसर होऊनही गेल्या महिन्यात पाहुण्यांसमोर चहा नेताना शलाका फिट येऊन कोसळली. भाजलेला हात अजून लाल होता. त्याच हाताने तिने आता खाटेशेजारी बसलेल्या आईचा हात धरला.

“सिस्टर, लेसरच्या वेळी आईने पैशांकडे बघितलंसुद्धा नाही हो. माझ्यासाठी पाटल्या मोडल्या तिने.”

खरं सांगायला कुंदाताईंनी तोंड उघडलं.

“वेणी टाकून देऊ ना?” नर्सने विचारलं.

“नको!” त्यांनी ती ओढूनच घेतली. हिचं गंगावन करू, पुढच्या पाहुण्यांना व्रण दिसायचा नाही, असं मनात आलं मात्र, लेकीच्या हातातला आपला हात त्यांना सोडवून घ्यावासा वाटला.